अण्णा गातात, मग बोलत का नाहीत?

पत्र

डॉक्टर, माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. वय ६४. दोन महिन्यांपूर्वी पहाटे नेहमीसारखे उठले, स्वतःचा चहा स्वतः केला आणि सहाच्या सुमारास हातातला कप पडला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं बंद. सगळे म्हणाले, अंगावरून वारं गेलं. शेजारच्या गावात लकव्याचं औषध देतात, तिथे आधी नेलं. त्यांनी कबुतराचं रक्त चोळलं, काढा पाजला. शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली आहे, इंजेक्शनची वेळ निघून गेली, असं डॉक्टर म्हणाले. दहा दिवसांनी गोळ्या देऊन घरी सोडलं.

आता ते चालतात, पाय थोडा ओढत. उजव्या हाताची बोटं जराशी हलतात. पण बोलणं नाही. काहीही विचारा, 'अगं अगं' एवढंच. 'हो'च्या जागी 'नाही' म्हणतात. आणि एकादशीला भजनी मंडळ घरी आलं, तर अख्खं भजन शब्दांसकट म्हटलं! परवा दारात पोरांनी गर्दी केली तेव्हा 'चला, पुढे चला' असं खणखणीत म्हणाले. तेव्हापासून भाऊ म्हणतो, अण्णा मुद्दाम करतात. शेजारीण म्हणते, करणी आहे. आईनं त्यांच्याशी बोलणंच सोडलंय, 'त्यांना कुठं काय कळतंय' म्हणते. मधूनच ते ढसाढसा रडतात.

हे व्हायच्या आठवडाभर आधी एकदा जेवताना त्यांच्या हातातून घास पडला होता, जीभ जड झाली होती. पाव तासात बरं वाटलं म्हणून आम्ही सोडून दिलं. बीपीची गोळी त्यांनी आधीच बंद केली होती. नक्की काय झालंय त्यांच्या डोक्यात? त्यांना कळतं का? आणि हे आमच्यामुळे झालं का?

— एक मुलगी, तालुका माळशिरस

उत्तर

ताई,

सगळ्यात आधी तुमच्या भावाला एवढं वाचून दाखवा: अण्णा नाटक करत नाहीत. ज्या दोन गोष्टींमुळे त्याला संशय आला, ते भजन आणि ते 'पुढे चला', त्या दोन्ही मला फार मोलाच्या वाटल्या. तुमचं पत्र मी तिथेच दोनदा वाचलं. मी अण्णांना तपासलेलं नाही, त्यांचे कागदही पाहिलेले नाहीत, त्यामुळे गोळ्यांबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून त्यांच्या मेंदूत काय झालं असावं हे मला बऱ्याच खात्रीनं सांगता येईल.

तुमच्या भागात नीरा उजव्या कालव्याचं पाणी येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कालव्याला फाटे, फाट्याला चाऱ्या, चारीवर शेतं. एखाद्या चारीच्या तोंडाशी गाळ आणि झाडझाडोरा अडकला, तर त्या एका चारीवरची शेतं कोरडी पडतात. कालवा भरून वाहत असतो, शेजारची चारीही चालू असते. मेंदूचं असंच आहे. मानेतून वर जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याचं स्वतःचं लाभक्षेत्र ठरलेलं असतं. अण्णांच्या डाव्या बाजूच्या मधल्या वाहिनीत किंवा तिच्या एका फाट्यात गुठळी अडकली असणार. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. त्या फाट्यावर काय काय आहे, पाहा: उजव्या चेहऱ्याची हालचाल, उजव्या हाताची हालचाल, आणि बोलण्याचा कारखाना. पायाची जागा मेंदूच्या दोन अर्ध्यांच्या मधल्या फटीत, आतल्या भिंतीवर आहे आणि तिला पाणी दुसऱ्या फाट्याचं. म्हणून अण्णा चालतात आणि हात मात्र मागे राहिला. देवाचा खेळ किंवा करणी असती, तर ती इतकी तंतोतंत रक्तवाहिनीच्या नकाशाप्रमाणे चालली नसती. शेजारणीला सांगून पटेल न पटेल, पण तुमच्या मनात तरी ती शंका उरू नये. डॉक्टरांना पुढचा सीटी दाखवायला सांगा. रक्ताविना मेलेला भाग त्यात गडद डागासारखा दिसतो, बोट ठेवून दाखवता येतो.

आता त्या सकाळी आत काय घडलं ते.

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी २० टक्के एकटा खातो. आणि साठवून जवळजवळ काहीच ठेवत नाही. स्नायूत थोडी साखर साठलेली असते, यकृतात असते. मेंदूचा सगळा व्यवहार रोजच्या मजुरीवर, खरं म्हणजे सेकंदाच्या मजुरीवर. साधारण १०० ग्रॅम मेंदूतून मिनिटाला ५० मिलिलीटर रक्त फिरतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात. १० च्या खाली गेलं की मरायला लागतात.

या दोन आकड्यांमधली जी जागा आहे, २० आणि १० च्या मधली, तिच्यावर सगळा स्ट्रोकचा, म्हणजे तुम्ही ज्याला अंगावरून वारं जाणं म्हणता त्याचा, उपचार उभा आहे. गुठळीच्या अगदी समोरचा भाग काही मिनिटांतच जातो. पण त्याच्या भोवतालचा भाग, जिथे शेजारच्या वाहिन्यांमधून थोडंथोडं रक्त झिरपत असतं, तो तासन्‌तास तग धरतो. बांधापलीकडच्या विहिरीचं पाणी कुणी दोन सऱ्यांना सोडावं आणि तेवढ्यावर पीक पानं मिटून उभं राहावं, तसा. वाळून गेलेलं पीक आणि पानं मिटून उभं असलेलं पीक रस्त्यावरून सारखंच दिसतं. पण एकाला पाणी देऊन उपयोग नसतो आणि दुसरं पाणी मिळताच संध्याकाळपर्यंत उभारी धरतं. त्या सकाळी अण्णांचा हात पूर्ण लुळा होता, त्यातला काही भाग मेलेल्या पेशींमुळे आणि काही भाग अशा पानं मिटलेल्या पेशींमुळे. वेळेत वाहिनी उघडायची धडपड असते ती या दुसऱ्या पेशींसाठी.

पेशी मरते कशी, हेही सांगते. प्रत्येक पेशीच्या कातडीत पंप असतात, ते रात्रंदिवस मीठ बाहेर उपसत असतात. प्राणवायू संपला की पंप बंद पडतात. मीठ आत शिरतं, मिठामागून पाणी शिरतं, पेशी फुगते. फुगताना ती ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडते. एरवी हेच रसायन एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं, पण इतकं एकदम सांडलं की शेजारच्या पेशींना विषासारखं बाधतं. त्यांच्यात कॅल्शियम घुसतं आणि त्याच्या जोरावर त्यांची स्वतःचीच पाचकद्रव्यं त्यांना आतून खायला लागतात. म्हणजे एक मरणारी पेशी शेजारणीला ओढत नेते. २००६ साली अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी याचा हिशेब मांडला होता: मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात आणि त्यांना जोडणारे १२ किलोमीटर धागे नष्ट होतात. दर मिनिटाला. म्हणूनच आमच्यात स्ट्रोक म्हटलं की कपडे न बदलता धावतात.

इथे तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न येतो. 'आमच्यामुळे झालं का?'

खोटा दिलासा मी देणार नाही. उशीर झाला, आणि उशिरानं नुकसान होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. अण्णा सहाला पडले, म्हणजे साडेदहापर्यंत ते दंडात जायला हवं होतं. कबुतराच्या रक्तानं गुठळीला काही होत नाही, कधी झालेलं नाही. त्या काढ्यानं तर जीव जाऊ शकला असता, कारण स्ट्रोकमध्ये गिळणं बिघडलेलं असतं आणि पाजलेलं थेट फुप्फुसात उतरतं. लकव्याच्या औषधाच्या त्या पाट्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांच्याकडे गेलेले काही लोक बरे होतातही, पण ते मेंदूच्या आपोआप सावरण्यानं. श्रेय मात्र काढ्याला जातं आणि पुढच्या दहा घरांचे सोन्यासारखे तास तिथे संपतात.

पण पुढचंही ऐका. हे इंजेक्शन म्हणजे जादू नाही. १९९५ साली अमेरिकेत ज्या मोठ्या चाचणीनं ते सिद्ध झालं, तिच्यात इंजेक्शन मिळालेल्या दर १०० पैकी ३९ जण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झाले, आणि न मिळालेल्यांपैकी २६. शिवाय इंजेक्शन मिळालेल्या दर १०० पैकी सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. म्हणजे वेळेत पोचला असता तर अण्णा आज नक्की बोलत असते, असं कुणीच म्हणू शकत नाही. शक्यता वाढली असती, एवढंच. आणि तुम्ही त्यांना घेऊन धावलात ते त्यांना बरं करायलाच. चुकीच्या दिशेनं धावलात, कारण बरोबर दिशा तुम्हाला कुणी सांगितली नव्हती.

आठवडाभर आधी हातातून घास पडला होता, ते लिहिताना तुमचं अक्षर बदललंय, हे मला दिसलं. तो मिनी स्ट्रोक होता. गुठळीचा कण अडकला, जीभ आणि हात थांबले, कण पुढे सरकला आणि सगळं परत सुरू झालं. असं झालं की पुढचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे, आणि पुढचे काही आठवडेही जपण्याचे. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, बरं वाटलं तरी. हे मी तुम्हाला सांगतेय, पण ऐका: मी मेंदूविकारांचं शिकत होते त्या वर्षी एका रविवारी माझ्या सासूबाईंच्या हातातून लाटणं घरंगळलं. दहा मिनिटं त्यांना 'पोळी' हा शब्द सापडेना. मग सापडला. 'ऊन लागलं असेल' म्हणाल्या, आणि मी त्यांना लिंबूसरबत करून दिलं, झोपायला सांगितलं. मी, जी आदल्याच आठवड्यात याच विषयाची परीक्षा देऊन आले होते. तिसऱ्या दिवशी त्यांना स्ट्रोक आला. त्या पुढे अकरा वर्षं जगल्या आणि त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. माझं मला जे वाटायचं ते वाटत राहिलं. घरातल्या माणसाला काही होतंय हे डोळ्यांना दिसत असूनही मन ते मान्य करत नाही. तुमच्याही घरात तेच झालं.

बरं, आता भजन.

१८६१ साली पॅरिसजवळच्या एका इस्पितळात लेबोर्न नावाचा रुग्ण होता. एकवीस वर्षं तिथेच होता. त्याला एकच शब्द बोलता यायचा: 'टान'. काहीही विचारा, 'टान टान'. तुमच्या अण्णांच्या 'अगं अगं'सारखं. सगळं इस्पितळ त्याला टान म्हणूनच ओळखायचं. विचारलेलं त्याला बरंच कळायचं, बोटांनी आकडे दाखवायचा. आणि फार चिडला की मात्र तोंडातून एक खणखणीत शिवी पूर्ण बाहेर पडायची! तो गेल्यावर पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याचा मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला, कपाळामागच्या खालच्या भागात, मोठी इजा होती. बोलणं मेंदूच्या कुठल्या भागात घडतं याचा पहिला भक्कम पुरावा जगाला त्या माणसानं दिला.

नवं वाक्य बांधणं हे डाव्या अर्ध्याचं काम. मनात विचार येतो, त्याला शब्द शोधायचे, शब्दांना 'नं', 'ला', 'चा' असे प्रत्यय लावायचे, मग ओठ-जीभ-घसा यांना क्रम लावून द्यायचा. दरवेळी कोरं काम. पण हजारदा म्हटलेलं, घासून गुळगुळीत झालेलं बोलणं वेगळ्या वाटेनं येतं. पाढे, आरती, एक ते दहा आकडे, वाराची नावं, 'अरे देवा', शिवी. ही वाक्यं बांधावी लागत नाहीत, ती अखंड उचलली जातात. त्यांच्यात मेंदूच्या उजव्या अर्ध्याचा आणि खोलवरच्या पेशींच्या पुंजक्यांचा वाटा मोठा. चाल आणि सूर हेही बरंचसं उजवीकडचं. अण्णांची उजवीकडची चारी वाहतेय. म्हणून भजन आलं. आणि 'चला, पुढे चला' हे तर त्यांनी भरलेल्या गाडीत, तिकिटं फाडत, किती हजार वेळा म्हटलं असेल! दारात गर्दी दिसली आणि ते वाक्य आपलं आपण बाहेर आलं. तेच वाक्य तुम्ही 'अण्णा, म्हणा बघू' म्हणून मागितलंत, तर बहुधा येणार नाही. मागितलं की ते कोरं काम होतं. भावाला म्हणावं, मुद्दाम करणाऱ्याचं याच्या बरोबर उलट झालं असतं.

त्यांना कळतं का? बरंच कळत असावं, पण सगळं नाही. घरी साधं करून पाहा. समोर चष्मा, किल्ली आणि वाटी ठेवा. नजरेनं किंवा बोटानं खुणावू नका, नुसतं म्हणा, 'किल्ली द्या'. ते जमलं, तर 'वाटीत किल्ली टाका'. पुढे अवघड होत जाईल. 'गणूनं बाळूला ढकललं' आणि 'बाळूनं गणूला ढकललं' यांत कोण पडला, हे अशा माणसाला पटकन सांगता येत नाही, कारण फरक सगळा त्या इवल्याशा 'नं'मध्ये आणि 'ला'मध्ये आहे आणि नेमके तेच निसटतात. चार माणसं एकदम बोलत असली, टीव्ही चालू असला, की त्यांना ऐकू येतं पण हाताला काही लागत नाही. म्हणजे 'कळत नाही' हे आईंचं म्हणणं एखाद्या लांबलचक वाक्यापुरतं खरंही असेल. पण आपल्यासमोर आपल्याच माणसांनी आपल्याबद्दल 'त्यांना कुठं काय कळतंय' म्हटलेलं त्यांना कळतं. सूर कळतो, चेहरा कळतो, शब्दही कळतात. मी अशा किती रुग्णांच्या डोळ्यांत त्या क्षणी पाणी पाहिलंय.

म्हणून आईंना सांगा, बोला. समोर बसून, टीव्ही बंद करून, छोटी वाक्यं, एका वेळी एक गोष्ट. लहान मुलाशी बोलतो तसं बोबडं नको आणि बहिऱ्याशी बोलतो तसं मोठ्यानंही नको. त्यांना काही म्हणायचं असेल तर तोंडातला शब्द पळवू नका, मनात दहापर्यंत मोजा. 'हो'-'नाही'ची त्यांची अदलाबदल होते, कारण हे दोन शब्द मेंदूच्या एकाच खणात शेजारी-शेजारी ठेवल्यासारखे असतात आणि चुकीचा हाताला लागतो. त्यांच्या तोंडच्या 'नाही'वर विसंबून ताट उचलू नका. अंगठा वर-खाली करायला शिकवा किंवा भाजी आणि आमटी दोन्ही दाखवून हात लावायला सांगा. आई त्यांना भरवते का, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक घरांत भरवतात. नको. डाव्या हातानं सांडत का होईना, त्यांचं त्यांना जेवू द्या. फक्त ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली, घास छोटा. पाणी किंवा चहा पिताना ठसका लागतो का, पिऊन झाल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा होतो का, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. होत असेल तर डॉक्टरांना उद्याच सांगा, निमोनिया त्याच वाटेनं येतो. आणि त्यांना उठवताना उजव्या दंडाला धरून ओढू नका. तो खांदा सैल झालेला असतो, निखळतो, मग महिनोन्‌महिने दुखतो.

रडण्याबद्दल. दोन वेगळी रडणी आहेत, ती ओळखा. एक अचानक येतं, कुणी पाहुणा आला, कुणी नाव घेतलं, एवढ्यावर, आणि मिनिटभरात जसं आलं तसं जातं. आतून तितकं दुःख नसतंही. भावनेचा ब्रेक सांभाळणारे धागे तुटल्यामुळे ते होतं. अशा वेळी 'का रडता, रडू नका' करत सगळ्यांनी गोळा होण्यापेक्षा विषय बदला, खिडकीकडे न्या. दुसरं रडणं म्हणजे दिवसभराची उदासी, अन्नावरून वासना उडणं, व्यायामाला नकार, भिंतीकडे तोंड करून पडणं. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला असं खरं नैराश्य येतं. तो त्यांचा स्वभाव बिघडलेला नव्हे. दोन्हींवर औषधं आहेत आणि ती चांगली लागू पडतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही हे सांगा.

सुधारणार किती? मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण सुरुवातीला दिसलेलं सगळं अपंगत्व मेलेल्या पेशींचं नव्हतंच. काही सुजेचं होतं, ती उतरली. काही त्या लांबच्या भागांचं होतं, जे स्वतः शाबूत आहेत पण रोजचा निरोप येणारी वाट तुटल्यानं गप्प झाले. ते आठवड्यांत, महिन्यांत परत बोलू लागतात. आणि मग शेजारचे भाग नवं काम शिकतात, पण फक्त वारंवार करायला लावलेलं काम. पहिले तीन महिने हा वेग सर्वांत जास्त असतो. अण्णांचे दोन झालेत. म्हणून मला घाई आहे. बोटं जराशी हलतात असं तुम्ही लिहिलंत, ती उघडताना हलतात की मिटताना, नीट पाहा. बोटं थोडी तरी उलगडता येत असतील तर हाताची आशा बरीच आहे. फिजिओथेरपी आठवड्यातून एकदा तेल चोळून होत नाही, रोज हवी, शेकडो वेळा तीच हालचाल हवी: वाटाणे उचलणं, कपड्याची घडी, पाण्याची बाटली पकडणं. भाषेची खिडकी हाताच्या खिडकीपेक्षा जास्त दिवस उघडी राहते. वर्षानंतर, दोन वर्षांनंतरही शब्द येताना मी पाहिलेत.

भाषेसाठी स्पीच थेरपिस्ट लागतोच. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग यांच्या नावाची वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. दर आठवड्याला जाणं जमणार नाही हे मला कळतं. एकदा नीट तपासणी करून घरचा अभ्यास घेऊन यावा आणि पुढे फोनवर व्हिडिओ लावून शिकावं, असंही बरेच जण करतात. त्यांच्यासारख्या गाणाऱ्या माणसासाठी एक खास पद्धत आहे, १९७३ मध्ये बोस्टनमध्ये बांधली गेली: रोजचं छोटं वाक्य, 'पाणी हवं', दोन सुरांत, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरत, आधी दोघांनी मिळून, मग एकट्यानं, मग हळूहळू सूर काढून टाकत. सगळ्यांना लागू पडत नाही. आणि नुसती भजनं म्हणून बोलणं येत नाही, हेही स्पष्ट सांगते. पण मंडळाला बोलवत राहा. आठवड्यातला तो एक तास अण्णांना आपला आवाज ऐकू येतो.

आता थोडं कडक बोलते. बीपीची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, यांतली एकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद होता कामा नये, कितीही बरं वाटलं तरी. बीपी दुखत नाही, म्हणून तर ते फसवतं. तंबाखू मळत असतील तर तीही गेली पाहिजे, आणि घरातली मशेरीसुद्धा. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: मानेतल्या डाव्या वाहिनीचा डॉप्लर (वाहिनीतलं रक्त कसं वाहतंय हे दाखवणारी सोनोग्राफी) झाला का, आणि हृदयाचे ठोके अनियमित आहेत का हे पाहायला ईसीजी, आणि हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको झाले का? गुठळी आली कुठून हे कळलं नाही तर दुसरी येऊ शकते, आणि उपचार त्यावर बदलतो. मिनी स्ट्रोक आणि मोठा स्ट्रोक एकाच बाजूला, एका आठवड्याच्या अंतरानं, हे वाचून माझं लक्ष त्या मानेतल्या वाहिनीकडे जातं. हे पुढच्या भेटीपर्यंत थांबवू नका.

आणि घरात कुणालाही, अण्णांना किंवा आईला, तोंड वाकडं, हात गळलेला, बोलणं अडखळलेलं, यांतलं एक जरी अचानक दिसलं, तर घड्याळ पाहा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. तोंडात काही घालू नका, पाणी नाही, ॲस्पिरिनही नाही. स्ट्रोक गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे बाहेरून ओळखता येत नाही, सीटीच सांगतो, आणि रक्तस्रावात ॲस्पिरिन घातक ठरू शकतं. जिथे सीटी आहे तिथेच थेट न्या. उशीर झाला असला तरी न्या: २०१८ पासून, निवडक रुग्णांमध्ये, मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढतात, अगदी २४ तासांपर्यंत.

स्पीच थेरपिस्टची वेळ मिळेपर्यंत एक काम आजपासून करा, आणि ते भावावर सोपवा. एक वही घ्या. अण्णांच्या तोंडून दिवसभरात आपोआप निघालेला प्रत्येक खरा शब्द तारीख घालून त्यात लिहा. 'चला' आहे, 'पुढे' आहे, 'अगं' आहे, शिवी असेल तर तीही लिहा. मग जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला जाड पेननं एका कार्डावर एक शब्द, मोठ्या अक्षरात. सकाळी ताजेतवाने असताना कार्ड समोर धरा, 'वाचा' म्हणा आणि गप्प बसा. वाचता आला तर कार्ड ठेवा. दुसराच शब्द आला तर दुरुस्त करू नका, जो आला त्याचं कार्ड बनवा. जो शब्द मेंदू आपणहून देतो तिथून सुरू करून तो मागितल्यावर देता येईपर्यंत न्यायचा, अशी ही जुनी रीत आहे. रोज पंधरा मिनिटं, दोनदा. पहिलं कार्ड 'चला'चं करा. ते वाचता आलं की फिरायला निघताना भावानं दारात थांबायचं, आणि अण्णांनी तो शब्द म्हटल्यावरच पायरी उतरायची.